वस्तीवरच्या लग्नाला हिरव्या पाल्याची आणि दिव्यांची कमान घरी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावजवळ वस्तीवर, घरापुढच्या मोकळ्या रानात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मुहूर्त गोरज. फोटोत बघितलेली, हिरव्या वेलीची आणि आत बारीक पिवळे दिवे असलेली कमान चुलत-मावस भावंडांनी मिळून घरीच करायची आहे. पाला खरा घ्यावा की प्लास्टिकचा, दिवे किती लागतील, आणि वाऱ्यात हे सगळं उभं राहील का?

सांगली-मिरज भागात मंडप आणि सजावटीचं काम बरीच वर्षं करतोय, त्यावरून सांगतो.

घरी करता येते, चांगली होते, आणि चार हात मदतीला असले की डेकोरेटरच्या निम्म्या खर्चात होते. पण एक गोष्ट आधी लक्षात घ्या. तुम्ही फोटोत बघितलेली कमान रात्रीची आहे आणि तुमचा मुहूर्त उजेडातला आहे. मेच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो. मंगलाष्टका चालू असतील तेव्हा आकाशात भरपूर उजेड असणार, आणि त्या उजेडात बारीक एलईडी लावले काय न लावले काय, कॅमेऱ्याला कळणारसुद्धा नाही. सूर्य बुडून वीसेक मिनिटं झाली की दिवे दिसायला लागतात. पुढची वीस-पंचवीस मिनिटं, आकाश अजून निळसर असतं तोवर, कमान सगळ्यात देखणी असते. नंतर नुसता काळोख आणि ठिपके.

म्हणजे अक्षता पडताना कमान पाल्याच्या आणि फुलांच्या जिवावर उभी असते, आणि पंगती बसताना, आहेर देताना दिव्यांच्या. एकच कमान दोन वेळांसाठी सजवायची आहे असं धरून चाला. घरची मंडळी बहुतेक वेळा सगळा जीव दिव्यांत घालतात आणि पाला विरळ ठेवतात. मग आयुष्यभर जपायच्या फोटोत नवरा-नवरीच्या डोक्यावर वायरी लोंबताना दिसतात.

आता माप. परदेशी फोटोंत कमानीखाली दोनच माणसं उभी असतात, म्हणून चार-पाच फुटांची कमान पुरते. आपल्याकडे समोरासमोर नवरा-नवरी, मधे अंतरपाट, तो धरणारे दोघं, मागे मामा, हातात दिवा घेतलेली करवली, बाजूला गुरुजी, आणि शेवटच्या ‘सावधान’ला पुढे घुसणारे सगळे. मंगलाष्टका कमानीखाली व्हायच्या असतील तर रुंदी १० फूट आणि उंची ८ फूट, याखाली येऊ नका. नवरदेवाचा फेटा आणि तुरा धरला तर माणूस साडेसहा फुटांपर्यंत जातो. वरून पाला फूटभर खाली येतो. आठ फूट उंची मग काही फार वाटत नाही. फक्त स्वागताला किंवा फोटोपुरती कमान हवी असेल तर ६ फूट रुंदी चालेल, पण मग ती मांडवाच्या तोंडाशी लावा. बोहल्याजवळ अडचण करू नका.

दिशा कुठली, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, पण माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. कमानीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे एक खांब पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि पाहुणे दक्षिणेकडे नाहीतर उत्तरेकडे बसलेले. याचे तीन फायदे आहेत. वधू-वरांना गुरुजी बहुतेक पूर्व-पश्चिमच उभे करतात, त्यामुळे ते आपोआप कमानीच्या रेषेत एकमेकांसमोर येतात आणि पाहुण्यांना दोघांचेही चेहरे दिसतात. मावळतीचं ऊन बाजूने येतं. कमान पश्चिमेला पाठ करून लावली तर कॅमेरा थेट सूर्यात बघतो आणि हिरवा पाला काळा पडलेला दिसतो. तिसरा फायदा वाऱ्याचा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा जास्त करून पश्चिमेकडून येतो. तो कमानीच्या अंगावर न येता कडेने निघून जातो.

वाऱ्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण कमानी पडतात त्या यानेच. सांगाडा नुसता असतो तेव्हा त्यातून वारा आरपार जातो, म्हणून आदल्या दिवशी हलवून बघितलं की सगळ्यांना तो भक्कम वाटतो. त्यावर दीड फूट रुंदीचा दाट पाला चढला की तीच कमान वाऱ्याला भिंतीसारखी होते. ताशी ३६ किलोमीटरचा वारा, म्हणजे आपल्या माळरानावरचा नेहमीचा जोराचा वारा, एका चौरस मीटरवर साधारण ६ किलोचा दाब देतो. वारा दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरला तो चौरस मीटरला २५ किलोवर जातो. तुमच्या कमानीवर पाल्याचं क्षेत्र साडेतीन चौरस मीटरच्या आसपास भरेल. वळवाच्या वावटळीत समोरून झोत आला तर त्यावर ८०-९० किलोचा धक्का बसू शकतो, आणि तोही डोक्याच्या उंचीवर. मे महिना आहे, वळीव येणार नाही असं धरून चालता येत नाही, आणि वळवाचा वारा दिशा विचारून येत नाही.

म्हणून सांगाड्याला काटकसर नको. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा करून घ्या. आडव्या पाइपला आणि उभ्या खांबांना दर फुटावर मागच्या बाजूने बोटभर खिळे नाहीतर हुक मारून घ्या. पाला आणि वायर घसरू न देण्याचं काम तेच करतात. गुळगुळीत पाइपवर माळ कितीही घट्ट बांधा, पाल्यातलं पाणी कमी झालं की ती सैल होते आणि खाली सरकते. कळकाचाही सांगाडा चालतो, दिसतोही छान, फक्त कळक जून आणि वाळलेला घ्या.

खांब जमिनीत किमान दीड-दोन फूट गेले पाहिजेत. तुमचं रान काळ्या मातीचं असेल तर खड्ड्यात तीच माती परत भरू नका. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते आणि एक सर पडली की लोण्यागत मऊ होते. मुरूम आणि दगडाचे तुकडे घालून पहारीने ठोकून घ्या. अंगण फरशीचं असेल, खणता येत नसेल, तर प्रत्येक पायाला २० लिटरच्या डब्यात काँक्रीट भरा. एका डब्याचं वजन ४५ किलोच्या वर जातं. पाण्याचा तेवढाच डबा २० किलोचा होतो. डबे बारदानाने झाका, पुढे केळीचा खुंट लावा. लग्नाच्या दारात केळ तशीही हवीच असते.

याशिवाय मागच्या बाजूला दोन आणि पुढच्या बाजूला जमेल तर दोन ताण द्या. तार ताणायचं तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला मी शिकवणार नाही. बागेची उरलेली जी.आय. तार घरात असणारच. नायलॉनची दोरी वापरू नका, ती ओली झाली की ताणते आणि ढिली पडते. पुढचे ताण लोकांच्या पायात येतात, म्हणून कुंड्या किंवा केळी त्यांच्यापुढे ठेवा आणि तारेला झेंडूची सर गुंडाळा.

आता पाला. खरा की प्लास्टिकचा, या प्रश्नाला माझं उत्तर दोन्ही. मागचा थर प्लास्टिकच्या वेलीचा, पुढचा थर खऱ्या पाल्याचा. नुसतं प्लास्टिक मावळतीच्या उन्हात चकाकतं आणि फोटोत लगेच ओळखू येतं. नुसता खरा पाला एवढ्या उन्हात दाट करायचा तर त्याला ढीगभर पाला आणि रात्रभर माणसं लागतात. प्लास्टिकच्या वेली मंडपवाल्यांकडे भाड्याने मिळतात. घेताना दोन वेगळ्या हिरव्या रंगांच्या घ्या, आणि त्यातल्या त्यात मळकट हिरवा निवडा. पोपटी भडक वेल काही केलं तरी खरी वाटत नाही. मागचा थर आणि दिवे, दोन्ही न वाळणारे असल्याने, आदल्या दिवशीच सांगाड्यावर चढवून मोकळं होता येतं.

खऱ्या पाल्यात काय घ्यावं? मेच्या उन्हात टिकणारा पाला म्हणजे जाड, मेणचट पानाचा. आंब्याचे टहाळे आणि उंच वाढणारा अशोक, हे दोन कणा धरा. मांडवडहाळ्यांना आंबा, जांभूळ, उंबर येतोच, त्यातला थोडा जास्तीचा मागवून ठेवा. मधे मऊपणा आणायला कुंती, जिला फूलवाले कामिनी म्हणतात. टोकाला लोंबायला शतावरी किंवा मनीप्लांटचे वेल. निलगिरीची निळसर पानं मिळाली तर अधूनमधून घाला, सगळा हिरवा एकसारखा दिसत नाही. कडुनिंब घेऊ नका, तासा-दोन तासांत मान टाकतो. कढीपत्ता देखणा असतो, पण बोहल्यावर फोडणीचा वास येतो. कण्हेर नको, ती विषारी आहे आणि लग्नात लहान पोरं हाताला लागेल ते तोडतात. रुईचा चीक डोळ्याला वाईट. बांधावर पांढरी बारीक फुलं दिसतात ते गाजर गवत कुणी हौसेने ‘जिप्सी’ म्हणून आणलं तर तिथेच परत पाठवा. त्याने अंगाला खाज आणि सर्दी-शिंका ठरलेल्या.

द्राक्षाचा पाला वापरू का, असं तुमच्याकडचं कुणीतरी विचारणारच. नको. फवारण्या झालेल्या असतात आणि पान तोडल्याबरोबर लोळतं. पण एप्रिलच्या खरड छाटणीत निघालेल्या काड्या मात्र सोन्यासारख्या आहेत. छाटणी झाली त्याच दिवशी, काडी ओली आणि वाकणारी असताना, चार-पाच काड्या एकत्र पिळून लांब वेण्या करून ठेवा. आठ-दहा दिवसांत त्या वाळून कडक होतात आणि पाला खोचायला इतका चांगला आधार दुसरा नाही. मधून थोडी काडी दिसली तरी सुंदर दिसते. दुसऱ्या गावच्या डेकोरेटरला ही गोष्ट विकत घ्यावी लागते, तुम्ही ती बांधावर टाकता.

पाला तोडायची वेळ महत्त्वाची. लग्नाच्या आदल्या दिवशी उजाडताना तोडा. पानात तेव्हा पाणी भरलेलं असतं. दुपारी तोडलेला पाला आधीच तहानलेला असतो, नंतर कितीही पाणी मारा, तो सावरत नाही. देठ तिरका कापा, खालची पानं काढून टाका आणि बादल्यांत, पिंपात, स्वच्छ पाण्यात उभा करून सावलीत ठेवा. कमीत कमी सहा तास, रात्रभर ठेवला तर उत्तम. कुंतीला आणि शतावरीला हे पाणी पाजणं सगळ्यात जास्त लागतं. आंबा त्याशिवायही निभावून नेतो. तुमच्याकडे किंवा शेजारी बेदाण्याचं शेड असेल आणि रॅक रिकामे झाले असतील तर कामाला तीच जागा धरा. सावली आहे, लांबच्या लांब माळ पसरायला जागा आहे. फक्त तिथे वारा खेळता असतो, तो बेदाण्याला चांगला आणि पाल्याला वाईट, म्हणून माळेवर ओलं बारदान हवंच. आणि बेदाण्याच्या कोल्डस्टोरेजमध्ये पाला ठेवायची कल्पना कुणी काढलीच तर मालकाला विचारायलाही जाऊ नका. त्याच्या मालाला ओल चालत नाही.

माळ बांधायची ती जमिनीवर, कमानीवर नाही. शिडीवर उभं राहून एकेक डहाळी खोचत बसलात तर दोन तासांत फूटभर काम होतं आणि तेही वाकडं. वीतभर लांबीच्या तीन-चार डहाळ्यांची जुडी करा, काडीच्या वेणीवर किंवा काथ्याच्या दोरीवर ठेवा, बांधणीच्या बारीक तारेने तीन वेढे घट्ट द्या. तार तोडू नका. पुढची जुडी अशी ठेवा की तिची पानं आधीच्या जुडीचे देठ झाकतील. असंच पुढे जात राहायचं. फुटाला दहाएक डहाळ्या धरा. ८ अधिक १० अधिक ८ म्हणजे २६ फुटांना २६०, आणि मोडतोड धरून ३००. पाण्याने भरलेल्या अशा माळेचं वजन फुटाला पाव ते अर्धा किलो होतं, म्हणजे एकूण साडेसहा ते १३ किलोपर्यंत. एकच लांब माळ करू नका, दोन करा, एक लांब आणि एक आखूड. दोन्ही वरच्या दांड्यावर भेटतील आणि पानांची टोकं दोन्ही खांबांवर खालच्या बाजूला वळलेली राहतील. एकसंध माळेत एका खांबावर पानं खाली आणि दुसऱ्यावर वर बघतात. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खुपत राहतं.

दोन माळा भेटतात तो जोड बरोबर मधे ठेवू नका. एका बाजूला, वरच्या कोपऱ्याकडे घ्या आणि तिथे फुलांचा मोठा गुच्छ बसवा. समोरच्या खालच्या पायाशी त्याचाच लहान भाऊ. दोन्हीकडे सारखंच नटवलेली कमान मला मंगल कार्यालयाच्या दारासारखी वाटते. हा माझा चष्मा, तुम्हाला सारखी आवडत असेल तर सारखी करा.

कमानीतून आणखी एखादी सर झोल देऊन सोडायची असेल तर दोरी मापूनच घ्या. १० फुटांत दीड फूट झोल द्यायला साडेदहा-अकरा फुटांची सर पुरते. लोक अंदाजाने पंधरा फुटांची करतात आणि ती नवरदेवाच्या तुऱ्यात अडकते.

फुलं थोडक्यात. या उन्हात जरबेरा मान टाकतो, गुलाब संध्याकाळपर्यंत उघडून पसरतो. पांढरी शेवंती, कार्नेशन आणि ऑर्किड तग धरतात. झेंडूचं तर बोलायलाच नको. मोगऱ्याचा हंगाम आहे, त्याचा उपयोग करा. कळ्यांचे गजरे दुपारी चारला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि सहाला पाल्यात सोडा. कळ्या मुहूर्ताच्या सुमारास उमलायला लागतात. कमान फोटोत दिसते तशी ती वासानेही लक्षात राहते. फुलांसाठी हिरवा स्पंज वापरणार असाल तर तो पाण्यात दाबून बुडवू नका. पाण्यावर सोडा, स्वतः पाणी पिऊन खाली बसू द्या. दाबला तर मधे कोरडा राहतो आणि त्यात खोचलेलं फूल सगळ्यात आधी मरतं. भिजलेली एक वीट दोन किलोच्या घरात जाते, ती बारीक जाळीत गुंडाळून तारेने सांगाड्याला बांधा, पाल्याला नाही.

दिवे. गणित असं की अर्धा फूट जाडीच्या माळेवर दर अर्ध्या फुटाला एक वेढा दिला तर २६ फुटांच्या कमानीला जवळपास ८६ फूट, म्हणजे २६ मीटर दिव्यांची माळ लागते. १० मीटरच्या तीन माळा घ्या, वर एक सुटी राहू द्या. लोक कमानीएवढीच लांबी धरून दोन माळा आणतात आणि मग खालचे खांब काळोखात जातात.

रंग पिवळसर घ्या, ज्याला दुकानात वॉर्म व्हाइट म्हणतात, २७०० ते ३००० केल्विन. पांढऱ्या दिव्याने हिरवं पान निळसर आणि हळद लागलेला चेहरा आजारी दिसतो. मेमध्ये एखादी सर पडून गेली असेल तर दिव्यावर पंखाच्या किड्यांची झुंबड उडते. पिवळ्या दिव्याकडे ती पांढऱ्यापेक्षा कमी येते. तरीही धास्ती वाटत असेल तर साठ-सत्तर फुटांवर, जेवणापासून लांब, एक पांढरा फ्लडलाइट लावून ठेवा. बरेच किडे तिकडे वळतात.

माळ विकत घेताना दोन गोष्टी दुकानातच बघा. पहिली, ती थेट २३० व्होल्टवर चालते की मधे अडॅप्टर आहे. ओला पाला, लोखंडी सांगाडा आणि भोवती माणसं, अशा ठिकाणी कमी व्होल्टचा अडॅप्टर असलेलीच माळ हवी. शिवाय स्वस्त थेट माळा डोळ्याला कळत नाही इतक्या वेगाने मिचकत असतात, मोबाइलच्या व्हिडिओत त्यांचे पट्टे उमटतात. दुकानात माळ पेटवायला सांगा आणि मोबाइलवर स्लो मोशन काढून बघा. दुसरी, आठ तऱ्हांनी लुकलुकणारा कंट्रोलर. लाइट गेली, जनरेटर सुरू झाला की यातल्या बऱ्याच माळा पहिल्या तऱ्हेवर परत जातात आणि आहेर चालू असताना कमान ऑर्केस्ट्रासारखी उघडझाप करायला लागते. स्थिर जळणारी साधी माळ घ्या. तांब्याच्या तारेचे सेलवरचे दिवे गुच्छात खोचायला बरे, सगळ्या कमानीला नाही. यूएसबीचे दिवे पॉवरबँकवर लावणार असाल तर आधी अर्धा तास लावून बघा. दिवे इतकी कमी वीज ओढतात की कित्येक पॉवरबँक ‘कुणी जोडलेलंच नाही’ असं समजून बंद होतात.

लावायची पद्धत: सांगाड्यावर आधी प्लास्टिकची वेल, तिच्यावर वेढे देत दिव्यांची माळ, प्लग खांबाच्या तळाशी मागे. हे सगळं आदल्या संध्याकाळी. अंधार पडल्यावर पेटवून, पंचवीस-तीस फूट मागे जाऊन, डोळे जरा बारीक करून बघा. जिथे काळे डाग दिसतील तिथे वेढे सरकवा. लग्नाच्या दिवशी ही संधी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी खरी माळ वरून चढवली की निम्मे दिवे पाल्याखाली गडप होतात, आणि इथे बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. एका माणसाने खालून वर जात बोटाने एकेक दिवा पानांतून पुढे काढायचा. वायर मागेच राहिली पाहिजे, फक्त दिव्याचा थेंब बाहेर. दोन पानांच्या बेचक्यात दिवा बसवला की तो जागचा हलत नाही आणि मागच्या पानावर उजेड पडून हिरवं आतून उजळतं. सगळ्या कमानीला तासभर लागतो. हे काम घाई नसलेल्या माणसाला द्या. तुमच्याकडे एखादी शांत मावशी असेल तर तिच्यासारखं कुणी नाही.

विजेचं काम मात्र भावंडांचं नाही, गावच्या वायरमनचं. त्याला एवढं सांगा: घरच्या मीटरवरून वेगळी लाइन, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच), आणि अर्थिंग तपासून लोखंडी सांगाडाही अर्थला जोडायचा. विहिरीच्या मोटारीच्या पेटीवरून लाइन ओढू नका. शेतीची वीज पाळीने येते आणि नेमकी अक्षतांना जाते. भार किती, तर नगण्य. अशा तीन माळा एका पंख्याहूनही कमी वीज खातात, घरच्या इन्व्हर्टरवरही चालतील. बाहेर उघड्यावर राहणाऱ्या वस्तूंना किमान आयपी ४४ (वस्तू धूळ-पाणी किती अडवते त्याचा हा आकडा), आणि पाऊस अंगावर घ्यायचा असेल तर आयपी ६५ लिहिलेलं बघा. जोड जमिनीवर ठेवू नका, कमरेच्या उंचीवर खांबाच्या मागे बांधा. प्लगकडे जाणारी वायर आधी प्लगच्या खाली वळवून मग वर न्या, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी थेंबून पडतं, प्लगमध्ये जात नाही. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका, मेच्या उन्हात तिचा गोंद वितळतो.

कमानीचे दिवे चेहऱ्यावर उजेड पाडत नाहीत, ते पाठीमागे असतात. अंधार पडल्यावर समोरून दोन्ही बाजूंनी तिरके, आठेक फूट उंचीवर, पिवळसर एलईडी फ्लडलाइट लावा. नाहीतर फोटोत कमान झगमगते आणि नवरा-नवरीच्या नुसत्या सावल्या येतात. फोटोग्राफरला हे आधी विचारा, तो स्वतःचे दिवे आणणार असेल तर खर्च वाचतो.

लग्नाच्या दिवशीचा क्रम असा ठेवा. सकाळी माळ बांधून ओल्या बारदानाखाली. दुपारी चारपर्यंत तिला ऊन दाखवायचं नाही. चारला चढवायची, पाचला दिवे बाहेर काढायचे, मग फुलं, सहाला मोगरा. पाणी मारायचं ते बारदानाखाली असताना, विजेचा प्लग लावण्याआधी. चढवल्यानंतर फवारा मारत बसू नका, नवरीच्या शालूवर थेंब पडतात.

होम कमानीखाली नको. लाजाहोमाची ज्वाळा आणि धग वर जाते, वरचा पाला तासाभरात करपतो आणि मागे प्लास्टिक आहे हे विसरू नका. होमकुंड कमानीपासून आठ-दहा फूट पुढे, उघड्यावर. नवऱ्याकडचे कुणी ‘कोल्ड फायर’, म्हणजे ठिणग्यांचं कारंजं उडवणाऱ्या नळ्या, आणणार असतील तर ते कमानीला चिकटून लावू देऊ नका. नाव थंड असलं तरी नळीच्या तोंडाशी ठिणगी चांगली भाजते. शिरस्त्याचे अनार तर गेटवरच.

लग्न उरकलं की रात्रीच वीज तोडून दिव्यांच्या माळा उलट्या क्रमाने सोडवा, पुठ्ठ्यावर गुंडाळा. सकाळपर्यंत थांबलात तर वाळलेल्या पाल्यात त्या अशा गुंततात की कापाव्याच लागतात. आणि खऱ्या पाल्याची माळ गोठ्याकडे किंवा उकिरड्यावर फेकू नका. म्हशी-शेळ्या आंब्याचा पाला तारेसकट खातात, बारीक तार पोटात जाऊन जनावर दगावतं. एका पोराला पक्कड देऊन तार ओढून घ्यायला बसवा. एका लांबीत, न तोडता बांधली असेल तर ती सरळ निघून येते. ती वेगळ्या डब्यात टाका, मग त्यातला आंब्याचा पाला तेवढा जनावरांपुढे घाला.